सावळीचं बी

“बोट आण इकडं,” गहिनाबाई म्हणाली आणि माझी तर्जनी धरून तिनं ती झाडाच्या पेरावर टेकवली. “काय लागतंय?”

“काही नाही, आजी.”

“न्हाई कसं? फांदी फुटती त्या बेचक्यात चाचप. हळू. दाणा लागंल.”

लागला. मोहरीपेक्षाही बारीक.

“त्याला देठ हाय का?”

मी डोळे मिटून पाहिलं. तिला तर मिटायचीही गरज नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरे झालेले, उजेड आणि सावली एवढंच तिला कळायचं. दाण्याखाली केसाएवढा देठ होता, किंवा मला तसं वाटलं.

“आहे.”

“मग नर. लंके, घे उपटून.”

तिच्या मागं लुगड्याचा पदर धरून उभ्या असलेल्या लंकानं वाकून झाड मुळासकट उपटलं आणि खांद्यावरच्या पोत्यात कोंबलं. मग दोघी पुढच्या झाडाकडं सरकल्या. मी वहीत एक रेघ ओढली.

हे एकोणीसशे शहाऐंशीच्या नोव्हेंबरमधलं. मी सव्वीस वर्षांचा होतो. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माळावर औषधी वनस्पतींचं एक सरकारी प्रक्षेत्र होतं, तिथं संशोधन सहायक म्हणून मी लागून दोन वर्षं झाली होती. चाळीस एकरांत अश्वगंधा, सोनामुखी, शतावरी, आणि मधोमध तारेच्या दुहेरी कुंपणाआड सव्वा एकर गांजा. तो शब्द आम्ही कागदावर लिहीत नसू. कागदावर ‘विजया’. परवान्यानं लावायचं, वजन करून औषधाच्या कारखान्याला पाठवायचं. शेवटाला लागलेल्या रोग्यांना त्या औषधानं झोप लागते, दोन घास जातात, असं वैद्यांची पत्रं सांगत.

या पिकात नर झाड वेळेत ओळखता आलं नाही तर सगळं जातं. एक नर फुलून त्याचा पराग उडाला की शेतातल्या सगळ्या माद्या बी धरतात आणि औषधाला लागणारा चीक आटतो. म्हणून फुलोऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी पारखी लागतो. हजेरीपटावर पारखी म्हणून म्हातारदेव फुंदे असं नाव होतं. तो गहिनाबाईचा नवरा, आणि तो मरून अकरा वर्षं झाली होती. तो होता तेव्हाही शेतात तीच हिंडायची. तो बांधावर विडी ओढत बसायचा, असं जुने मजूर सांगत. बाईमाणसाचं नाव त्या कामाला लावायची पद्धत नव्हती. पंचाहत्तरीच्या पुढं गेलेली ती बाई टेकडीपलीकडच्या वाडीतून लंकाचा हात धरून चार मैल चालत यायची आणि आठवड्यात सव्वा एकर चाचपून काढायची. लंका तिची मुलगी. नवऱ्यानं टाकलेली, पंचेचाळिशीची, कमी बोलणारी.

आमच्या त्या वाणाला कागदावर ‘के-७’ म्हणत. के म्हणजे केळुसकर. डॉ. केळुसकर आमचे प्रक्षेत्रप्रमुख. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी निवड पद्धतीनं हा वाण तयार केला असं प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर असायचं. आसपासच्या गावांत मात्र त्याला सावळी म्हणत, कारण थंडी पडली की त्याचे देठ जांभळटकाळे व्हायचे. वास मिऱ्याचा, त्यात ओल्या मातीचा. एकदा हाताला लागला की दोन आंघोळींनी जायचा नाही.

“आजी,” त्या दिवशी दुपारी बांधावर भाकरी खाताना मी विचारलं, “साहेबांनी हा वाण केला तेव्हा तुम्ही होतात ना इथं?”

ती घास चावता चावता थांबली.

“कुनी केला?”

“केळुसकर साहेबांनी.”

“सायबांनी काय केलं त्यात?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नवलच होतं. “माज्या सासूनं तिच्या माहेरनं आणलं व्हतं ते. गोदागंगेच्या पल्याडनं. लगीन करून आली तवा लुगड्याच्या वच्यात बांधून. आमच्या परसात हाय की आजून.”

“आई,” लंका म्हणाली.

“काय आई? खोटं हाय का?”

लंकानं पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला आणि माझ्याकडं एकदा पाहिलं. मी तेव्हा ती नजर वाचली नाही.

मला वाचावीशी वाटलीही नाही, कारण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. आदल्या वर्षी नवा कायदा आला होता. आमच्यासारखी प्रक्षेत्रं बंद होणार हे नक्की झालं होतं. बंद होण्याआधी दिल्लीहून एक समिती येणार होती. ती वाण तपासून ज्यांचं मूळ पक्कं आहे त्यांचंच बी थंड कोठारात जपून ठेवायला नेणार, बाकीचं जाळून टाकायचं. आणि के-७ च्या मुळाबद्दल वाद होता. मध्य प्रदेशातल्या एका प्रक्षेत्राचे डॉ. दुबे गेली दहा वर्षं लिहीत होते की केळुसकरांनी हे बी आपल्याकडून नेलं आणि त्याला स्वतःचं नाव लावलं. वाद मिटला नाही तर वाण कोठारात जाणार नव्हता.

मी संध्याकाळी जुन्या नोंदवह्या काढल्या. एकोणीसशे चौसष्ट. हिरव्या शाईत केळुसकरांचं अक्षर : ‘बी : स्थानिक, मिश्र. मूळ : अज्ञात.’ त्यापुढं थेट निवडीचे तक्ते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. केळुसकर मालवणकडचे, सडेफटिंग, गळ्यात काळ्या दोऱ्यानं भिंग अडकवलेलं. टेबलावर कागदापेक्षा वाळलेली पानंच जास्त.

“सर, समितीपुढं गहिनाबाईला बोलावलं तर?”

“कशाला?”

“बी त्यांच्या घरचं आहे म्हणतात. तीन पिढ्यांचं. तसं सिद्ध झालं तर दुबेंचा दावाच उरत नाही.”

त्यांनी भिंग उचलून एका पानाला लावलं.

“म्हातारी काहीही बोलते,” ते म्हणाले. “वाण माझा आहे. मी तेच सांगणार आहे. तुम्ही चहापाण्याची व्यवस्था बघा, औटी.”

मी बाहेर आलो. मी पारनेरकडच्या कोरडवाहू घरातला. माझ्या बापानं आयुष्यभर दुसऱ्याच्या नावावर कामं केलेली मी पाहिली होती. इथं एक आंधळी म्हातारी मेलेल्या नवऱ्याच्या नावावर हजेरी लावते, तिच्या सासूच्या ओच्यातलं बी साहेबांच्या नावानं छापून येतं आणि साहेब मला चहापाणी बघायला सांगतात. मला संताप आला. खरं सांगायचं तर संतापाबरोबर थोडा आनंदही होता. आपण कुणापेक्षा तरी चांगले आहोत हे कळण्याचा असतो तो.

रविवारी सायकल घेऊन वाडीवर गेलो.

दोन खणांचं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, मागं परस. परसात तुरीच्या दोन दाट ओळी आणि त्यांच्या आड पाच झाडं. पुरुषभर उंच, देठ जांभळे. आमच्या प्रक्षेत्रात इतकी जोमदार सावळी मी एकदाही पाहिली नव्हती.

“चार माद्या, येक नर,” गहिनाबाई भिंतीला पाठ टेकून म्हणाली. “दरसाल पाचच लावायची. बी दोन वर्सं झाली की मरतंय, म्हणून लावावीच लागत्यात. सासूनं सांगून ठेवलं व्हतं, दुष्काळ पडू दे, न्हाईतर काय बी व्हऊ दे, पाच झाडं चुकवायची न्हाईत. बाहत्तर साली लंकी खडी फोडून यायची, त्यातलं घागरभर पाणी ह्यांना घालायची.”

“आणि साहेबांना बी कुणी दिलं?”

“म्याच दिलं. चौसष्ट सालीच आसंल. वंजळभर. तवा सायेब तरणे व्हते. म्हणले, बाई, हे कुठं मिळत न्हाई.”

मी खिशातून कोरे कागद काढले. तिनं सांगितलं, मी लिहिलं. सासूचं नाव, तिच्या माहेरचं गाव, तिथले लोक कुणाच्या सरकारी ठेक्यावर हे पीक लावत, ठेका गेल्यावर बी कसं राहिलं. मडक्यात राख घालून कसं ठेवतात. दरवर्षी किती झाडं, कुठं. मी विचारत गेलो आणि ती इतक्या आनंदानं सांगत गेली की दोनदा तिला धाप लागली. आयुष्यात तिला हे कुणी विचारलंच नसावं.

लंका दाराच्या चौकटीत उभी होती.

“सायेब, हे कागदावर कशापायी?”

“समितीला दाखवायचंय, अक्का. बी कायमचं जपतील.”

“पर झाडं लावतो ते लिवायलाच पायजे का?”

“त्याशिवाय पुरावा होत नाही. सरकारी काम आहे, घाबरण्यासारखं काही नाही.”

“नवीन कायदा आलाय म्हणत्यात.”

“तो विकणाऱ्यांसाठी,” मी म्हणालो.

मी कायदा वाचला नव्हता. कार्यालयात त्याची प्रत होती, कपाटावर पडलेली.

गहिनाबाईनं अंगठा पुढं केला. शाईचं पॅड मी आणलंच होतं. अंगठा उमटवून झाल्यावर ती तो लुगड्याला पुसत म्हणाली, “ह्यानं काय व्हईल?”

“तुमचं नाव लागेल, आजी.”

“नावाचं काय करायचं? बी ऱ्हाईल का?”

“राहील.”

“मग आसू दे.”

समिती मंगळवारी आली. पाच माणसं, दोन गाड्या. अध्यक्ष दिल्लीचे, पिकल्या भुवयांचे, सौम्य. दुबे होते. आणखी दोन शास्त्रज्ञ. आणि करड्या सफारीतले एक गृहस्थ. ते कुठल्या खात्याचे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सकाळभर त्यांनी एक शब्द काढला नव्हता.

केळुसकरांनी आपले तक्ते मांडले. दुबे हिंदीत म्हणाले, तक्ते ठीक आहेत, पण पहिलं बी कुठून आलं ते सांगा. “मूळ अज्ञात म्हणजे काय? आकाशातून पडलं?”

“स्थानिक मिश्रण होतं,” केळुसकर म्हणाले. “बाजारातून गोळा केलेलं. वाण मी तयार केला.”

“कुठला बाजार?”

“बावीस वर्षं झाली. आठवत नाही.”

अध्यक्षांनी मान हलवली. “असं असेल तर हा वाण आम्हाला सोडावा लागेल, डॉक्टर.”

केळुसकर तक्ते गुंडाळू लागले. ते सोडून द्यायला तयार होते. मला ते असह्य झालं. मी भिंतीपाशी चहाचे कप घेऊन उभा होतो. कप खिडकीत ठेवले.

“सर, माझ्याकडे निवेदन आहे. ज्या बाईनं बी दिलं तिचं.”

“औटी, खाली बसा,” केळुसकर म्हणाले.

“सर, फक्त पाच मिनिटं—”

“मी सांगतो, खाली बसा!”

त्यांना इतक्या मोठ्या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, चोर सापडला. मी कागद उघडला आणि वाचत सुटलो. मराठीत वाचायचं, मग मोडक्या हिंदीत सांगायचं. सासूचं माहेर, ओचा, राखेचं मडकं, बाहत्तरचा दुष्काळ. दुबे पुढं वाकून ऐकत होते. शेवटी त्यांनीच टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, “बात खत्म. ये न मेरा है, न इनका. ये उस बूढ़ी का है.” अध्यक्ष हसले. मी केळुसकरांकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

तेव्हा करड्या सफारीतले गृहस्थ स्वच्छ मराठीत बोलले.

“फार छान लिहिलंय. यंदा किती झाडं आहेत म्हणालात?”

“पाच.”

“तुम्ही स्वतः पाहिलीत?”

“हो सर. परवाच. फार सुंदर आहेत.”

“परवाना?”

मी हातातल्या कागदाकडं पाहिलं.

“बघू कागद,” ते म्हणाले. मी दिला. त्यांनी अंगठ्याची खूण उजेडात धरून पाहिली, कागदाची व्यवस्थित घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवली.

जेवायच्या सुट्टीत केळुसकर मला शेडच्या मागं घेऊन गेले. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“बी गहिनाबाईच्या घरचं आहे हे मला माहीत नव्हतं असं वाटलं तुम्हाला? मी खाल्लंय त्यांच्या घरी. बी तिचं आहे म्हटलं की पहिला प्रश्न येणार, मग ती लावते कुठं. कायदा आत्ता कडक झाला, पण विनापरवाना लावणं तेव्हाही गुन्हाच होता. वाण माझा म्हटलं की प्रश्न माझ्यापाशी संपतो.” त्यांनी गळ्यातलं भिंग खिशात टाकलं. “माझं नाव झालं. ते मला आवडलंही. नाही असं म्हणत नाही. पण बावीस वर्षं तिच्या परसात कुणी गेलं नाही.”

“सर, मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही खरं बोलणारे. तुम्हाला सांगायची भीती वाटली,” ते म्हणाले. “आता सायकल काढा. ते लोक जेवून निघतील.”

चार मैल, त्यातला दीड चढाचा. वाडीवर पोहोचलो तेव्हा श्वास पुरत नव्हता. लंका अंगणात बाजरी पाखडत होती. मी काय सांगितलं ते धड आठवत नाही, पण दुसऱ्या वाक्याला तिनं सूप ठेवलं आणि परसात धावली. पहिलं झाड तिनं उपटलं. दुसऱ्याला हात घातला तेव्हा गहिनाबाई भिंत चाचपत आली होती.

“काय करतीस गं?”

“पोलीस येत्यात, आई. सर बाजूला.”

“आगं, बी धरलं न्हाई आजून! पंधरा दिस तरी पायजेत. मडक्यातलं यंदाच्या पेरणीला संपलं, ह्यांच्यावरच हाय समदं!”

“मरू दे बी!”

म्हातारी चालत आली आणि त्या चार झाडांच्या मधोमध जमिनीवर बसली. लंकानं तिला काखेत हात घालून उठवायचा प्रयत्न केला. मीही केला. ते एवढंसं शरीर कसं जड झालं होतं कुणास ठाऊक. तिनं दोन्ही हातांनी एका झाडाचा बुंधा धरला होता आणि ती शिव्या देत नव्हती, रडतही नव्हती, फक्त पुन्हा पुन्हा म्हणत होती, “पंधरा दिस. पंधरा दिस थांबा म्हणावं.”

जीप वाडीच्या तोंडाशी आल्याचा आवाज आला. लंकानं आईला सोडलं. हातापायाची माती झाडली. माझ्याजवळ आली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलली.

“झाडं माजी हायेत. म्या लावली, म्या पाणी घातलं. आईला कायबी ठावं न्हाई. ध्यानात ठिवा.”

“अक्का, पण कागदावर—”

“कागद तुमी लिवलाय. तुमीच निस्तरा.”

पोलिसांनी चार उभी आणि एक उपटलेलं, अशी पाच झाडं पोत्यात भरली. मोकळं मडकंही नेलं, राखेसकट. लंकाला नेलं. गहिनाबाईला त्यांनी उचलून ओसरीवर बसवलं. तिच्या मुठीत पानं राहिली होती, ती पंचनाम्यात लिहून घ्यायची म्हणून एका शिपायानं तिची बोटं एकेक करून उघडली.

समिती दुसऱ्या दिवशी गेली. गुन्ह्यात अडकलेल्या वाणाला त्यांनी हात लावला नाही. डिसेंबरात सव्वा एकर जाळायचा आदेश आला आणि रॉकेलचे डबे माझ्याच हाती दिले गेले. एका कोपऱ्यात बियाण्यासाठी एका नरासह दाट कापडाच्या आडोशात बंद ठेवलेली सहा झाडं होती. त्यांचं बी मी जाळण्याआधी रुमालात झाडून घेतलं. केळुसकर बांधावरून बघत होते. त्यांनी तोंड फिरवलं. पुढं मार्चमध्ये ते मालवणला निघून गेले. नंतर आमची भेट नाही.

खटला नगरला उभा राहिला. सरकारी वकिलांचा मुख्य साक्षीदार मी. माझ्यापुढं माझंच हस्ताक्षर धरलं.

“यावर अंगठा कुणाचा?”

“गहिनाबाईंचा.”

“यात लिहिलंय, झाडं त्या लावतात. मग आरोपी म्हणते ती लावते. खरं कोण?”

लंका पिंजऱ्यात होती. गहिनाबाईला शेजारच्या कुणीतरी आणून मागच्या बाकावर बसवलं होतं. तिनं मान तिरकी करून कान माझ्याकडं लावलेला मला दिसत होता.

“मी पाहिलं तेव्हा पाणी लंकाबाई घालत होत्या,” मी म्हणालो.

“आणि हे निवेदन?”

“ते… मी जोडून लिहिलं. वाणाचा इतिहास मोठा दिसावा म्हणून. आजींना दिसत नाही. त्या वयामुळं भ्रमिष्ट आहेत. कशावर अंगठा घेतला ते त्यांना कळलं नव्हतं.”

“सासूनं बी आणलं वगैरे?”

“तसं काही नाही.”

“मग बी आलं कुठून?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. “मूळ अज्ञात.”

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. मला खोट्या कागदाबद्दल समज दिली, खात्याकडं शिफारस केली. वर्षभरानं माझी नोकरी गेली. लंकाला चार वर्षांची शिक्षा झाली.

बाहेर पडवीत मी गहिनाबाईपाशी गेलो. तिनं माझा हात ओळखला.

“खोटं बोललास त्ये बरं केलंस,” ती म्हणाली. “लंकीनंच सांगितलं आसंल. पर म्हातारी येडी हाय, तिला कायबी ठावं न्हाई, एवढं म्हणाया नगं व्हतं रं.”

नंतरच्या दोन वर्षांत मी पंधरवड्यातून एकदा पीठ आणि तेल घेऊन वाडीवर जायचो. ती घ्यायची. बोलायची नाही. एका फेब्रुवारीत गेलो तर दाराला कडी होती आणि शेजारच्यांनी सांगितलं, आठ दिवस झाले.

गेल्या वर्षी पुण्याहून एक तरुण संशोधक मुलगी माझ्याकडं आली होती. परदेशात कुठं कुठं नगरच्या काळ्या गांजाचं बी म्हणून काहीतरी विकलं जातं आणि ते मुळात कुणी नेलं यावर तिकडं मोठी भांडणं आहेत म्हणाली. कुणी म्हणतं निमाडचं, कुणी म्हणतं एका भटक्या गोऱ्यानं हिमालयातून आणलेलं. तिनं शोधून शोधून एकच सरकारी कागद मिळवला होता. नगरच्या कोर्टाचा निकाल. त्यात साक्षीदार औटी याचं म्हणणं नोंदवलं होतं. ते खरं आहे का, तिनं विचारलं. मी तिला चहा दिला आणि म्हटलं, शपथेवर सांगितलंय मी.

त्या खटल्यानंतर लंका तीन वर्षांनी सुटली होती. वागणूक चांगली म्हणून लवकर. मी दुसऱ्याच आठवड्यात गेलो. स्टीलच्या डब्यात, राखेत, ते बी घेऊन. ती चुलीपुढं बसली होती. केस पार पांढरे झाले होते. मी डबा तिच्यापुढं ठेवला आणि सांगितलं काय आहे ते.

तिनं झाकण काढून बोटानं राख बाजूला केली.

“किती हाये?”

“पावशेर असेल. जुनं झालंय, अक्का. शंभरातलं एखादं उगवेल. पण एवढंच आहे आता. कुणाकडंच नाही.”

“आईला म्हायती व्हतं? तुमच्यापाशी हाय म्हणून?”

“नाही. सांगायचं धाडस झालं नाही.”

तिनं डब्यातलं सगळं सुपात ओतलं. दाराशी जाऊन राख पाखडून टाकली. अगदी हलक्या हातानं पाखडत होती, एकही दाणा बाहेर पडू दिला नाही. मला वाटलं, आता मडकं काढेल. ती परत चुलीपाशी आली, तव्यावरची भाकरी उतरवली आणि सूप तव्यावर उपडं केलं.

“अक्का!”

दाणे तडतडू लागले. ती उलथण्यानं हलवत राहिली, करपू न देता. तो वास घरभर झाला, मिऱ्याचा आणि ओल्या मातीचा.

“बसा,” ती म्हणाली. “भाकरी झालीया.”

मी उठलो होतो तो बसलो. तिनं ते पाट्यावर घेतलं, वर चार सुक्या मिरच्या, लसणाच्या पाकळ्या, मीठ. कारळ्याची करतात तशी चटणी वाटली. सावकाश, वरवंट्याला शेवटचं बोट पुसून घेईपर्यंत. मग दोन ताटल्यांत भाकरी वाढली, एक माझ्यापुढं सरकवली आणि तिच्यावर चटणीचा गोळा ठेवला. स्वतःच्या ताटात तेवढाच घेतला आणि जेवायला लागली.

मीही जेवलो. तिनं विचारलं, आणखी वाढू का. मी नको म्हणालो नाही.